शनिवारी न लिहिणारी बाई

शुक्रवारी ऊन भिंतीवरून उतरायला लागलं की बाईंचा नवरा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा हातात घेऊन घरभर फिरायचा आणि पेनं गोळा करायचा. टेबलावरची, पर्समधली, फोनशेजारी दोरीनं बांधलेलं एक. बाईंच्या अंबाड्यात खोचलेली पेन्सिल सगळ्यात शेवटी. ती त्यानंच उपसायची, असा लग्नापासूनचा शिरस्ता. मग झाकण घट्ट लावून डबा कपाटावर, बॅगांच्या मागं. उद्या संध्याकाळी आभाळात तीन तारे दिसेपर्यंत या घरात कुणी अक्षर काढायचं नाही.

“घ्या,” तो म्हणायचा, “बाईसाहेब निःशस्त्र झाल्या.”

त्यावर बाईंनी “तोंड आहे ना माझं शाबूत” असं म्हणायचं आणि दोघांनी हसायचं. हाही शिरस्ताच.

त्या शुक्रवारी बाई काही बोलल्या नाहीत. पेन्सिल उपसताना नवऱ्याची बोटं मानेला लागली आणि त्यांच्या अंगावर काटा आला. ज्या बोटांशी निम्मं आयुष्य काढलं त्याच बोटांना आपण भ्यायलो, हे कळून त्यांची त्यांनाच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून भीती उठून जात नाही. ती खुर्ची ओढून बसते.

बाई यहुदी. त्यांच्या धर्मात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सांजेपर्यंत शब्बाथ: काम नाही, विस्तव नाही, प्रवास नाही, लिहिणं नाही. बाईंनी यातलं बहुतेक सगळं मोडून ठेवलं होतं. शनिवारी गॅस पेटवायच्या, बस पकडायच्या, वेळ पडली तर भांडायच्यासुद्धा. लग्नही धर्माबाहेर केलेलं. फक्त लिहायच्या नाहीत.

तेवढं एक वडिलांसाठी. वडील पुस्तकबांधणी करायचे. दुकानात खळीचा वास आणि सुईदोऱ्याची खसखस. मुलगी एकोणिसाव्या वर्षी वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायला लागली तेव्हा त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, “सगळं पाळशील असं मी म्हणत नाही. मी तुला ओळखतो. पण एक धर. एक धरलं की माणूस पार वाहून जात नाही.” तिनं विचारलं, “आणि नाहीच जमलं एखाद्या शनिवारी?” तर ते दोरा दातानं तोडत म्हणाले, “जिवावर बेतलं तर शब्बाथ बाजूला. जिवापुढे काही नाही. पण कुणाचा तरी जीव हवा, बरं का. संपादकाची घाई म्हणजे जीव नव्हे.”

कचेरीत पहिल्याच महिन्यात तिचं नाव पडलं ‘शनिवारबाई’. कुणी हसून म्हणे, कुणी दात विचकून. एका उपसंपादकानं तर “तुमच्या लोकांना सहा दिवसांच्या कामावर सातव्याचा पगार बरोबर जमतो” असं सगळ्यांदेखत ऐकवलं. बाईंनी त्याचं मुद्रित इतकं स्वच्छ तपासलं की त्याच्या अग्रलेखातल्या चुका आठवडाभर कचेरीत नाश्त्याला पुरल्या. पहिला लेख छापायच्या वेळी संपादक म्हणाले, “नाव जरा बदलू या का? लोक बिचकतील.” बाई म्हणाल्या, “बिचकू देत. जागे तरी होतील.” नाव तसंच राहिलं. पुढं ते दोन पुस्तकांवरही आलं: एक चामड्याच्या कारखान्यांतल्या कामगारांवर, दुसरं तुरुंगाच्या फाटकाबाहेर डबे घेऊन उभ्या राहणाऱ्या बायकांवर.

आणि गंमत अशी की त्यांचं नाव झालं ते शनिवारांमुळेच. लोकांना हळूहळू कळलं, या बाईच्या घरी शनिवारी जावं. हातात पेन नसतं, समोर कागद नसतो. कागद पाहिला की ज्यांची जीभ टाळूला चिकटते, ती माणसं शनिवारी चहाच्या कपाकडे बघत बघत सगळं ओकून जायची. बाई नुसत्या ऐकायच्या. माणूस गेला की स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायच्या, कपबश्या घासत सगळं पुन्हा म्हणायच्या, मोठ्यानं, झुलत झुलत, जसे त्यांचे आजोबा पोथी म्हणायचे. तीनदा म्हटलं की डोक्यात पक्कं. तारे दिसले की डबा खाली यायचा आणि सगळं जसंच्या तसं कागदावर.

तीस-एक वर्षं हे सुरळीत चाललं. मग गळायला लागलं.

पहिल्यांदा पाणीखात्यातला एक कारकून. शनिवारी येऊन बोलून गेला. बाईंनी अजून एक ओळ छापली नव्हती, संपादकांनाही सांगितलं नव्हतं, आणि मंगळवारी त्याची बदली झाली, जिथं जायला आधी बस, मग होडी. बाईंनी मनाची समजूत घातली: योगायोग. सरकारी नोकरीत बदल्या व्हायच्याच.

दुसऱ्यांदा तुरुंगाचा गाडीवान. तुरुंगात माणसं मरत होती आणि मागच्या दारानं, पांघरुणाखाली, त्याच्याच गाडीतून बाहेर जात होती. कुठल्या दारानं, कुणाच्या सहीनं, ते त्यानं सांगितलं. नावं मात्र त्याला ठाऊक नव्हती. चहा अर्धा टाकून तो उठला. आठवडा उलटायच्या आत कुणीतरी त्याला गाठलं आणि त्याचे दोन्ही हात मोडले. दुसरं काही केलं नाही. पाकीटसुद्धा घेतलं नाही.

बाई रुग्णालयात गेल्या तेव्हा गाडीवानाची बायको दारातच आडवी आली.

“आता कशाला आलात? हातात पेन नसतं म्हणून आला होता तो तुमच्याकडे.”

“मी कुणाला एक शब्द बोलले नाही हो.”

“मग भिंत बोलली का?” ती म्हणाली. “त्याला आता घास मी भरवते, बाई. तुम्ही जा.”

बाई गेल्या. जिना उतरताना कठड्याला धरून थांबल्या, कारण हिशेब अगदी सोपा होता. त्या शनिवारी घरात तिघंच होती. गाडीवान, बाई आणि चहा करणारा नवरा.

आता या नवऱ्याबद्दल सांगायला हवं. छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचा, तिथंच दोघांचं जुळलं. सगळ्या जगाशी बोलणारा माणूस; न्हाव्याच्या दुकानात गेला तर दाढी करून येईपर्यंत दुपार व्हायची. छापखाना बंद पडल्यापासून त्याला दोनच नाद, स्वतःचा दुखरा उजवा गुडघा आणि बुद्धिबळ. खालच्या मजल्यावर गेल्या वर्षी एक भाडेकरू आला होता. तिशीतला, एकटा, कुठल्याशा कचेरीत आहे म्हणायचा, पण घरी असला की दिवसभर रेडिओ. अतिशय आदबशीर. आल्या आल्या दाराच्या चौकटीवरची तिरकी पत्र्याची डबी बघून विचारलं होतं, “काकू, ही बेल आहे का?” बाई म्हणाल्या, “बेल नव्हे, मेझुझा. आत प्रार्थना असते, चर्मपत्रावर. आमच्याकडे लावतात.” “अच्छा,” म्हणून त्यानं बोटानं ती डबी हलकेच ठोकून पाहिली होती. नवरा दर रविवारी त्याच्याकडे डाव मांडायला जायचा आणि जिंकून यायचा.

“पोरगा चांगला खेळतो गं,” तो फुशारून सांगायचा. “पण घोडा फिरवायच्या आधी खोकतो. असा: खुक! की मी सावध.”

खालच्या पोराशी हा काय काय बोलत असेल, या विचारानं आता बाईंची झोप उडाली होती. आणि झोप उडाली की वारलेली आत्या उशाशी येऊन बसायची. लग्नाच्या दिवशी तिनं कानात सांगितलं होतं, “माणूस गोड आहे, पण आपल्यातला नाही. वेळ आली की कळेल.” बाईंनी तेव्हा ते झटकून टाकलं होतं. झटकलेलं कुठं जात नाही, कोपऱ्यात साठतं.

आणि आता वेळ आली होती. गुरुवारी बाई चष्म्याची दांडी बसवून घ्यायला गेल्या तेव्हा त्यांचे निरोप पोचवणाऱ्या चष्मेवाल्यानं भिंग पुसत, मान वर न करता सांगितलं, “परवा, जेवणाच्या आत. डॉक्टरीण आहे, तुरुंगातली. मेलेल्यांची नावं तिला ठाऊक आहेत. डॉक्टरची बॅग घेऊनच येईल, जिन्यात कुणी पाहिलं तर पेशंट बघायला आली म्हणायचं.” मग चष्मा बाईंच्या हातात ठेवून म्हणाला, “तिला दोन लेकरं आहेत. एवढंच सांगतो.”

संपादक तर कधीपासून मागं लागले होते. “नावं आणा. नावाशिवाय मेलेला माणूस म्हणजे अफवा. नाव छापलं की ते त्याला दुसऱ्यांदा मारू शकत नाहीत.”

नावं हवी होती. पण नावं सांगणारीचे हात शाबूत राहायला हवे होते. बाईंच्या डोळ्यांसमोरून गाडीवानाचे ते प्लास्टरमधले हात हलत नव्हते.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी दोन मेणबत्त्या लावल्या, डोळ्यांवर हात घेऊन प्रार्थना पुटपुटली. हात काढला तर नवरा समोर बसून टक लावून बघत होता.

“काय झालंय तुला?” तो म्हणाला. “पंधरा दिवस बघतोय. मी दिसलो की दूध उतू गेल्यासारखी पळतेस.”

“काही नाही.”

“उद्या कुणी येणार आहे का?”

बाईंनी झटकन मान वर केली. “तुला कुणी सांगितलं?”

“कोण सांगणार? तू चांगल्या कपबश्या बाहेर काढल्यास.” तो हसला. मग त्याचं हसू विरलं. “असं का विचारलंस, कुणी सांगितलं म्हणून?”

बाईंनी उठून त्याच्या ताटात आमटी वाढली.

शनिवारी सकाळी उठल्यावर त्या म्हणाल्या, “आज जरा बाहेर जाऊन ये ना. न्हाव्याकडे. दाढी वाढलीय.”

“गुडघा सुजलाय माझा. जिना उतरवत नाही.” त्यानं लेंगा वर करून दाखवला; खरंच सुजला होता. मग लेंगा खाली ओढून तो बसला. “त्या गाडीवानाचं,” तो म्हणाला. “तुला वाटतं की मी बोललो.”

“मी असं म्हटलेलं नाही.”

“म्हटलं असतंस तर बरं होतं. भांडलो असतो.” तो भिंतीला धरून उठला. “मी आत बसतो. दार लावून घेतो. हवं तर बाहेरून कडी घाल.”

आतल्या खोलीचं दार लागलं. बाईंनी कडी घातली नाही, पण हात कडीपर्यंत जाऊन आला. तो हात त्यांनी पदराला पुसला.

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी सवयीनं नळ सोडला. नळ फुसफुसला, दोन थेंब टाकले आणि थांबला. पाणी गेलं होतं. मोरीपाशी कालची भांडी तशीच. मोरीच्या वरची छोटी खिडकी डक्टमध्ये उघडायची. चारी बाजूंच्या घरांच्या मोऱ्या जिच्यात उघडतात अशी ती उभी, अंधारी पोकळी; नळांच्या नळ्या, शेवाळ, कुणाचा तरी पडलेला चमचा. खालून रेडिओवर कुणी बाई गात होती.

कुणी यायचं असलं की आधीची गोष्ट एकदा उजळून घ्यायची, हीही बाईंची पद्धत. ओटा पुसत त्यांनी सुरुवात केली. “गाडीवान म्हणाला, मागचं दार. पांघरूण करडं. सही तुरुंगाच्या कारकुनाची नाही, वरच्या साहेबाची. आज येणार आहे ती...”

आणि त्या थबकल्या. काय बदललं ते त्यांना पटकन कळेना. घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. मग कळलं. गाणं थांबलं होतं.

संपलं असेल. बाई फडकं हातात धरून उभ्या राहिल्या. जराशानं गाणं पुन्हा सुरू झालं, मधल्या ओळीपासून. संपलं नव्हतं. कुणी तरी आवाज मिटवला होता आणि पुन्हा सोडला होता.

बाई खिडकीजवळ सरकल्या आणि मुद्दाम म्हणाल्या, “कांदे संपले वाटतं.”

गाणं कापल्यासारखं थांबलं.

त्या शांततेत, अगदी खिडकीच्या खालून, लाकडी स्टूल फरशीवर सरकल्याचा आवाज आला. कुणी तरी जास्त जवळ येत होतं. आणि मग, तोंडावर हात ठेवून दाबलेला, छोटा, कोरडा खोकला: खुक.

बाईंनी ओट्याची कड धरली. भांडी, कपबश्या, खिडकी, सगळं जागच्या जागी होतं आणि यातलं काहीच आपलं नाही असं त्यांना वाटलं. वर्षभर. वर्षभर दर शनिवारी त्या इथं उभ्या राहून मोठ्यानं, नळाच्या आवाजावर आवाज चढवून, तीन-तीनदा सगळं म्हणत होत्या. त्याचा रेडिओ थांबल्याचं त्यांना नळापायी कधी ऐकूच आलं नव्हतं. त्याला मात्र एकेक शब्द पोचत होता. एकदा चुकला तरी दुसऱ्या खेपेला मिळत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! भिंत बोलली का, असं गाडीवानाची बायको म्हणाली होती. भिंत नव्हती बोलली. कागदावर एक अक्षर ठेवलं नाही म्हणून त्या निर्धास्त होत्या, आणि त्यांच्याच तोंडानं त्या माणसाचे हात मोडले होते.

रडायला वेळ नव्हता. गाडीवानाचं त्याला ठाऊकच होतं; नवं असं ‘आज येणार आहे ती’ एवढंच खाली गेलं होतं. येणारी स्त्री आहे, हे त्याला कळलं. कोण ते कळलं नव्हतं. आता तो स्टुलावर कान वर करून वाट बघणार.

दारावरची घंटा वाजली.

बाई धावल्या. दारात एक चाळिशीची, सडपातळ बाई उभी होती, हातात डॉक्टरची बॅग, ओठांवर घामाचे थेंब. आत पाऊल टाकता टाकताच ती घाईघाईनं बोलायला लागली, जणू एवढं वाक्य ती जिनाभर तोंडात धरून आली होती, “बाई, मला फार वेळ नाही, मी ज्यांची...”

बाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. अगदी सरळ, पंजा पसरून. डॉक्टरीणबाईंचे डोळे विस्फारले. त्या मागं सरकल्या, दाराकडे बघायला लागल्या. त्या पळणार हे बाईंना दिसत होतं. आणि पळाल्या तर त्याच जिन्यानं, घाबऱ्याघुबऱ्या, त्याच दारावरून. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं, खाली बोट दाखवलं, कानाला हात लावला. पण भ्यालेल्या माणसाला खुणा कळत नाहीत. बाईंची स्वतःची बोटं इतकी घाई करत होती की खूण कसली, नुसतं वेड्यासारखं हातवारे करणं. लिहून दाखवायला हवं होतं. चार शब्द. आणि घरात पेन नव्हतं.

आतल्या खोलीचं दार उघडलं.

नवरा दारात उभा होता. त्यानं बायकोकडे पाहिलं, त्या परक्या बाईकडे, बायकोच्या खाली रोखलेल्या बोटाकडे. मग त्यानं स्वतःच डोळे मिटून क्षणभर ऐकलं. खाली रेडिओ नव्हता. रविवार रविवार ज्या घरात तो बसायचा तिथला रेडिओ कधी बंद नसतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्याचा चेहरा पडला, म्हणजे अक्षरशः पडला, गाल सुटल्यासारखे. तो लंगडत कपाटापाशी गेला, सुजलेल्या गुडघ्यानिशी खुर्चीवर चढला, बॅगांच्या मागं हात घातला आणि डबा खाली काढला.

झाकण त्यानं पोटाशी धरून, आवाज न करता उघडलं आणि पेन्सिल बाईंच्या हातात दिली.

बाईंनी पेन्सिल धरली. बाहेर उन्हं होती, शनिवारची दुपारसुद्धा झाली नव्हती, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या शनिवारी पेन्सिल धरून उभ्या होत्या. वडील खळीचा हात पुसत कुठंतरी मागं उभे असावेत असं वाटलं. कुणाचा तरी जीव हवा, बरं का. त्यांनी कॅलेंडराचं पान फाडलं आणि मागं लिहिलं: खालून ऐकतात. बोलू नका.

डॉक्टरीणबाईंनी वाचलं. त्या हळूच खुर्चीत बसल्या.

आणि तेवढ्यात नवरा ओरडला, “आई गं!”

दोघी दचकल्या. तो खुर्चीवरून उतरताना पडला असं वाटलं, पण तो नीट उभा होता. त्यानं लेंगा वर केला, गुडघ्याकडे बोट दाखवलं आणि आणखी मोठ्यानं म्हणाला, “डॉक्टर, हात लावू नका हो! मेलो मी!”

डॉक्टरीणबाई क्षणभर बघत राहिल्या. मग त्यांच्यातली डॉक्टर जागी झाली. “काका, हात न लावता कसं बघू?” त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. “आडवे व्हा. कधीपासून सुजलाय?”

“गुरुवारपासून!”

“खोटं बोलतोय हा,” बाई खिडकीच्या दिशेनं तोंड करून म्हणाल्या. आवाज चिरकला, पण नवऱ्यावर चिडलेल्या बायकोचा आवाज चिरकतोच. “महिनाभर कुरकुरतोय. मीच म्हटलं, आज डॉक्टरांनाच घरी बोलावते. आज येणार आहे ती, म्हणून सकाळपासून बजावतेय, तर हा दाढीसुद्धा करेना.”

खाली काहीच आवाज नाही. ऐकत होता.

डॉक्टरीणबाईंनी गुडघा हातात घेतला आणि खरोखरच तपासायला लागल्या. दुसऱ्या हातानं त्यांनी पेन्सिल मागितली. बाईंनी मान हलवली. नाही. कागदावर लिहिलं: अक्षर माझंच हवं. सापडलं तर मी. तुम्ही नुसते ओठ हलवा.

मग कितीतरी वेळ त्या घरात दोन गोष्टी चालल्या. वर वर गुडघा: वाकवा, दुखतं का, इथं, आई गं, मीठ कमी करा, काकू तुम्ही यांना लोणचं देऊच नका. आणि त्याच्या खाली, आवाजाशिवाय, डॉक्टरीणबाईंचे ओठ. एक नाव. बाईंनी लिहून दाखवलं. एक अक्षर चुकलं होतं, डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, बाईंनी सुधारलं. दुसरं नाव. हे सांगताना डॉक्टरीणबाईंचे डोळे भरले, पण तोंडानं त्या म्हणाल्या, “गरम पाण्यानं शेका, काका.” तिसऱ्या नावापाशी त्या थांबल्या आणि हात जमिनीपासून थोडा वर धरला. इतका लहान. बाईंची पेन्सिल कागदात रुतली.

खालून रेडिओ सुरू झाला. मग पुन्हा थांबला. मग सुरू झाला. त्याला कंटाळा येत होता, किंवा कंटाळा आल्याचं सोंग तो करत होता. बाईंना कळायला मार्ग नव्हता, आणि तीच तर भीती.

कागद कुठं ठेवायचा, हे डॉक्टरीणबाईंनीच ठरवलं. चार घड्या घातल्या, गुडघ्यामागच्या खळग्यात ठेवला आणि वरून पट्टी गुंडाळत नेली, घट्ट, वेढ्यावर वेढा. नवऱ्यानं डोळे मिटून घेतले. या वेळी कण्हला ते खरं असावं.

दारात बाईंनी डॉक्टरीणबाईंचा हात धरला. थंडगार होता. डॉक्टरीणबाईंनी जाताना चौकटीवरच्या त्या तिरक्या डबीकडे पाहिलं, काय ते विचारलं नाही, फक्त बोट टेकवलं आणि गेल्या.

दार लावून दोघं नवराबायको दारालाच कान लावून उभी राहिली. चपला खाली गेल्या. वळण. आणि खालच्या दाराची कडी सरकली.

“नमस्कार,” तो आदबशीर आवाज म्हणाला. “डॉक्टर ना तुम्ही? कुठंतरी बघितल्यासारखं वाटतंय.”

बाईंनी नवऱ्याचं मनगट धरलं.

“डॉक्टरांना सगळ्यांनीच कुठंतरी बघितलेलं असतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुम्हाला काही होतंय का?”

“मला? नाही, नाही. जरा घसा... खुक... तेवढाच. आमच्या काकांचं कसं आहे? उद्या आमचा डाव असतो.”

मध्ये एक क्षण गेला. वर उभ्या असलेल्या दोघांना तो जिन्याएवढा लांब वाटला.

“येतील की. चालणं चांगलंच आहे. फक्त पट्टी सोडू देऊ नका त्यांना, आठवडाभर. आणि घशाला मिठाच्या गुळण्या करा.”

चपला पुन्हा उतरायला लागल्या. धावल्या नाहीत. खालचं फाटक करकरलं आणि मिटलं. कडी सरकली. काही वेळानं रेडिओ लागला, चांगला मोठ्यानं.

बाई पलंगावर बसल्या. नवरा शेजारी बसला, उजवा पाय ताठ समोर पसरून, जणू तो पाय दुसऱ्या कुणाचा होता आणि त्याला फक्त सांभाळायला दिला होता. उद्या त्याला तो पाय घेऊन आधी खाली डावाला बसावं लागणार होतं, त्या पोराच्या समोर, टेबलाखाली तीन नावं घेऊन. न जावं तर संशय. मग तिथून काठी टेकत वर्तमानपत्राच्या कचेरीत, संपादकांकडे. दोघांनाही ते कळत होतं आणि बोलता येत नव्हतं.

बाईंनी कॅलेंडराचं आणखी एक पान घेतलं. लिहिलं: मी तुझ्यावर संशय घेतला.

त्यानं वाचलं. पेन्सिल घेऊन खाली लिहिलं: कडी घातली नाहीस.

बाईंनी तोंडात पदर कोंबला. खाली रेडिओवर कुणी तरी हवामान सांगत होतं.

नवरा पेन्सिल हातात फिरवत बसला. आयुष्यभर उलटी अक्षरं जुळवलेला माणूस. एखादी ओळ लिहायची तर आधी मनात लावून बघायचा. कितीतरी वेळानं त्यानं लिहिलं, आणि पान बायकोकडे सरकवताना तिच्याकडे बघितलं नाही.

तो माझ्याशी मुद्दाम हरत होता ना?

बाईंनी ते वाचलं. त्याचा वाकलेला खांदा बघितला, घट्ट बांधलेला गुडघा बघितला. इतकी वर्षं लिहिलं, पण खोटं एक अक्षर लिहिलं नव्हतं त्यांनी. त्यांनी पेन्सिल घेतली आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं.

नाही.